ओटीपी गावाला गेला

मी परळच्या बाजूला एका डिग्री कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, म्हणजे कुठलंही नवीन पोर्टल आलं की माझ्याच गळ्यात. त्या वेळी काम होतं एबीसी आयडीचं, 2021 ला अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली ना, पोरांनी मिळवलेली क्रेडिट्स ऑनलाइन जमा ठेवणारी, तिचा 12 आकडी नंबर प्रत्येक पोराचा डिजिलॉकरमधून काढून परीक्षेच्या डेटात भरायचा. ऑफिसला दोनदा ट्रेनिंग दिलं, पीपीटी-बिपीटी सगळं, आणि हेडक्लार्क काका दोन्ही वेळा मागे बसून आवक रजिस्टरात लाल रेघा मारत होते. मी सरळ प्रिन्सिपल सरांना लेखी दिलं, ऑफिसचं सहकार्य नाही म्हणून. सर म्हणाले, एक दिवस तुम्हीच खिडकीवर बसा.

बसले. साडेदहा ते दोन, साठेक पोरं लायनीत आणि आयडी निघाले अकरा. आधारला मोबाईल वडिलांचा, वडील गावाला, ओटीपी तिकडे जाणार आणि तिकडे रेंज नाही. कोणाच्या आधारवर नाव आधी, आमच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, डेटा जुळवायला गेलं की माणूसच वेगळा. एक मुलगी रडायलाच लागली, तिला काय सांगू, पीपीटीत मीच लिहिलेलं की दोन मिनिटांचं काम आहे!

मग काकांनी कपाटातून एक वही काढून समोर ठेवली. दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव, चालू मोबाईल कोणाचा, सगळं पेन्सिलने. अख्ख्या एफवायचं. मी म्हटलं, काका, ट्रेनिंगमध्ये का नाही बोललात?

"विचारलंत कुठे, मॅडम? 2017 ला मुंबई युनिव्हर्सिटीत पेपरांची ऑनस्क्रीन तपासणी आली तेव्हा पण सगळं सोपंच सांगितलेलं. निकाल महिनोनमहिने लटकले, पोरांची बाहेरची अ‍ॅडमिशनं अडकली, आईबाप शिव्या घालायला याच खिडकीवर. सांगणारे कोणी फिरकले नाहीत."

स्टाफरूममधला विरोध वेगळा हां. तिथे भीती वर्कलोडची, नव्या शैक्षणिक धोरणात विषयाचे तास घटले की पोस्ट सरप्लस, पण मीटिंगमध्ये ते कोणी बोलत नाही, सगळे विद्यार्थ्यांच्या हिताचंच बोलतात. काकांनी निदान तोंडावर सांगितलं.

संध्याकाळी माझं पत्र परत घ्यायला गेले तर ते आवक रजिस्टरात चढलेलं, नंबरासकट, विषय: ऑफिसचे असहकार्य. अक्षर काकांचंच. म्हणाले, नोंद झाली मॅडम, आता निघत नाही.