चौदा नंबरचं झुडूप

हपुषा म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात हाऊबेर म्हणून मिळते ती. लाहौलमध्ये केलाँगच्या वरच्या उतारांवर तिची झुडपं जमिनीलगत पसरतात. पानं अशी टोचतात की हातमोजे नावालाच. सरांचा हुकूम होता, एका उताराची पानं एकाच पिशवीत. मी तरी प्रत्येक झुडपाला पत्र्याची पट्टी बांधली आणि पिशव्या वेगळ्या ठेवल्या. "अगं, सरासरी काढायचीय. प्रत्येकाची पत्रिका मांडायची नाहीये!" सर कावले. (सर स्वतः डोंगरावर आलेच नव्हते.)

मग क्लेव्हेंजर, म्हणजे पानं पाण्यात उकळून त्यांचं सुगंधी तेल काढायचं काचेचं उपकरण. एकेका झुडपाला तीन-तीन तास. तेराव्यापर्यंत जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, तेलातले घटक वेगळे करून आलेख काढणारं यंत्र) एकच चित्र: सुरुवातीला अल्फा-पायनीन या घटकाचा सुळका, पुढे बारीकसारीक टेकाडं. चौदाव्याला मात्र सॅबिनीन हा दुसराच घटक पायनीनच्याही वर! आणि हे झुडूप तेराव्यापासून चार पावलांवर. सगळं एकाच पिशवीत गेलं असतं, तर असा आकडा आला असता जो त्या उतारावरच्या एकाही झुडपाचा नाही.

सर म्हणाले, ते सॅबिनीन नसून बीटा-पायनीन असेल. शंका रास्त होती. दोघं कॉलममधून (जीसीतली लांब बारीक नळी) जवळजवळ जोडीनेच बाहेर पडतात आणि मास स्पेक्ट्रमही (रेणूच्या तुकड्यांच्या वस्तुमानांचा आलेख) सारखाच, 93 चा दांडा सगळ्यांत उंच. संगणकातल्या स्पेक्ट्रमांच्या लायब्ररीनं सुचवलेलं पहिलं नाव डोळे मिटून लिहिणारे लोक इथेच फसतात. मी तापमान सावकाश चढवलं, मोजपट्टी म्हणून अल्केनांची मालिका चालवून रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे घटक कॉलममधून कधी बाहेर पडतो त्याचा आकडा, काढला. सॅबिनीनच.

रात्री दुसरीच धास्ती. आम्लधर्मी पाण्यात उकळताना सॅबिनीन मोडतं, त्याचं टर्पिनेन-4-ऑल होतं. तेरा झुडपांतलं सॅबिनीन माझ्याच फ्लास्कनं खाल्लं असेल तर? फ्रीझरमधली उरलेली पानं न उकळता हेक्सेन या द्रावकात भिजवली. तेराव्यात सॅबिनीनचा जेमतेम उंचवटा, चौदाव्यात पुन्हा तोच सुळका. म्हणजे फरक झुडपाचाच.

सरांनी बराच वेळ आलेख पाहिला आणि एवढंच विचारलं, "नर की मादी?"

हपुषाची नर-मादी झुडपं वेगळी असतात. फळं पिकायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे मादीवर हिरवी-निळी एकत्र दिसतात, ओळखायला सोपं. वहीत तेराव्यासमोर लिहिलंय, "हिरवी, निळी दोन्ही." चौदाव्यासमोर रकाना कोरा. बोटं बधिर झाली होती, खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. फोटो मोठा करून करून पाहिला. त्यात पट्टी आहे, चार फांद्या आहेत आणि माझा बूट.

उतारावर आता बर्फ आहे.