हिचंच काय अडकलंय?

"मॅडम, चौथं वर्ष म्हणजे पोरगी मधी एकदा नापास झालती का ओ?"

आज कॉलेजात ऑनर्सच्या मुलांचा सत्कार होता. सेमिस्टर संपलं, निकाल लागला. मग नारळ, गुलाबाचं फूल आणि सोलापूर म्हटल्यावर टॉवेल आलाच. टाळ्या चालू असतानाच शेजारच्या बाईंनी हळूच कानात हे विचारलं.

मी लगेच मास्तरकीवर आले. नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी किमान १२० क्रेडिटची पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं केलं तर किमान १६० क्रेडिटची ऑनर्स. त्यातही संशोधनाची हवी असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. तुमच्या लेकीला तेवढे आहेत.

त्यांनी क्रेडिट-बिडिट सगळं सोडून दिलं. "म्हंजे हुशार म्हणून ठेवून घेतली?"

"हो. तसंच."

"गल्लीत समद्या म्हणत्यात, बाकीच्या पोरी सुटल्या, हिचंच काय अडकलंय."

बोलता बोलता टॉवेलची घडी उलगडून काठ बघत होत्या. नखांत तंबाखूचा काळपट रंग. रोजच्या हजारातल्या पाचशे विड्या सकाळीच वळून आल्या होत्या, उरलेल्या रात्री.

माहितीपत्रकं आम्ही ढीगभर छापली. पण या आयांना वर्षभर कुणी काही सांगितलं? मी तरी नाही.

निघताना लेकीला दटावत होत्या, "सर्टिफिकेट पिशवीत कशाला घालतीस? हातात धर. गल्लीतनं जायचंय."