वाल्याचे रांजण आणि रास्कोल्निकोव्हचा दगड

आपल्याकडं सप्ताहात वाल्याची कथा ठरलेली. एका खुनाला एक खडा, असे सात रांजण भरले. बायको म्हणाली, तुमच्या पापात आमचा वाटा नाही. मग उलटं नाम, अंगावर वारूळ आणि वाल्याचा वाल्मीकी. बीड-लातूरकडच्या कीर्तनकाराला हे सगळं आटोपतं घ्यावं लागतं, पुढं पंगत खोळंबलेली असते. खून किती झाले ते रांजण सांगतात. एका खुनानंतरची एक रात्र कशी गेली, ते राहूनच जातं.

रशियन कादंबरीकार दोस्तोव्हस्कीनं तीच रात्र धरली. 'क्राइम अँड पनिशमेंट' (१८६६) सहा भाग आणि उपसंहाराची. तिचा नायक रास्कोल्निकोव्ह, शिक्षण सुटलेला गरीब विद्यार्थी, सावकारी करणाऱ्या म्हातारीला आणि तिच्या बहिणीला मारतो. दोन्ही खून पहिल्याच भागात उरकतात, कबुली थेट सहाव्याच्या शेवटी. मधल्या पानांत रास्कोल्निकोव्ह चोरीचा माल आधी भिंतीच्या फाटक्या कागदामागं कोंबतो, मग एका आवारातल्या मोठ्या दगडाखाली पुरतो. पाकीट उघडूनही बघत नाही! पुढं ते सापडतं तेव्हा आत ३१७ रूबल निघतात, वरच्या मोठ्या नोटा ओलीनं खराब झालेल्या. ज्याच्यासाठी कुऱ्हाड उचलली ते मोजलंसुद्धा नाही, हे न्यायालयाला पटत नाही.

वाचणारे इथं हमखास फसतात. त्याचा ताप, पोलिस ठाण्यात बेशुद्ध पडणं, पुन्हा त्याच घरी जाऊन दारावरची घंटा ओढणं, हा सगळा पश्चात्ताप समजतात. तो नव्हे. ती भीती आहे, किळस आहे, आणि आईबहिणीपासूनही तुटल्याची जाणीव.

अमेरिकन कादंबरीकार हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर'मध्ये (१८५०) हिशेब उलटा. हेस्टरचं व्यभिचाराचं पाप चव्हाट्यावर आलेलं, छातीवर त्याची खूण म्हणून 'A' हे अक्षर शिवलेलं, ती तगते. त्याच पापातला तिचा जोडीदार, धर्मगुरू डिम्सडेल, आपला वाटा लपवतो आणि सात वर्षं आतून पोखरत जातो. शिक्षेच्या चौथऱ्यावर कथा तीनदा येते: सुरुवातीला, बाराव्या प्रकरणात रात्री, मग तेविसाव्यात भरदिवसा. घाई असेल त्यानं तेवढी प्रकरणं वाचली तरी सांगाडा हाती लागतो.

दोस्तोव्हस्की वाचताना मात्र अशी पळवाट नाही, आणि उपसंहार तर गाळूच नये. सैबेरियात बेड्या घालूनही रास्कोल्निकोव्हला खून चुकला असं वाटत नाही. आपण कच्चे निघालो, एवढीच सल. त्याच्या मागोमाग तिथं आलेल्या सोन्या नावाच्या तरुणीच्या पायाशी तो कोसळतो ते अगदी शेवटच्या पानांत. आठ वर्षांच्या शिक्षेतली सात तेव्हा बाकी असतात.