हनोईतली बारस

व्हिएतनाममधल्या हनोईचं नाव निघालं की मला आधी तो वाडगा आठवतो. वाफाळता, वर कोथिंबीर, पातीचा कांदा, गाजराच्या चकत्या. आई दोन्ही हातांनी वाडगा धरून सूप पीत होती आणि म्हणत होती, "बरं वाटलं गं, घसा शेकला." तेवढ्यात आतून एक मुलगा मोठं पातेलं घेऊन आला, आणि तो डावानं ढवळायला लागला तेव्हा त्यातून वर आलेली हाडं मी पाहिली.

आई माळकरी आहे. चाळीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ. आदल्या दिवशी, २ नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशी होती. ती तिनं हॉटेलच्या खोलीत केळी आणि घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांवर काढली होती. म्हणजे त्या वाडग्यानं तिनं एकादशी सोडली. मी सोडायला लावली.

मी मेन्यूकार्डवर भाज्यांचं चित्र बघून ऑर्डर दिली होती. "व्हेजिटेबल?" असं तीनदा विचारलं, वेटरनं तीनदा मान डोलावली. तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. भाज्या होत्याच. पण फो, म्हणजे ते तिथलं सूप, मुळात तासन्‌तास उकळलेल्या हाडांचं पाणी, त्यावर मांस घाला नाहीतर भाज्या. तरीही राग आला. माझी आई हातवारे करकरून मांस नको, मासे नको सांगत होती. तिला काय म्हणायचंय ते कुणालाही कळलं असतं. पुढचं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये, एवढंच त्या दुकानाला हवं होतं.

मी सांगितलं तेव्हा आईनं वाडगा हळूच बाजूला सरकवला. माळेवर बोटं ठेवून जरा वेळ बसली. मग म्हणाली, "तुझी काही चूक नाही." ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. दिवसभर नारळपाण्यावर राहिली. साहित्य मंदिरात कासवांच्या पाठीवर उभ्या केलेल्या ८२ शिळा आहेत. जुन्या काळी राजदरबाराच्या परीक्षा पास झालेल्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत. आई एरवी प्रत्येक शिळेपाशी थांबली असती. त्या दिवशी एका कट्ट्यावर बसून राहिली. हालाँग बे या खाडीची सहल मी त्याच संध्याकाळी रद्द केली.

रात्री हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला मी सगळं सांगितलं. तिनं कागदावर एक शब्द लिहून दिला आणि म्हणून दाखवला. ऐकायला साधारण आपल्या हिंदीतल्या चहासारखा, 'चाय'. म्हणजे शाकाहारी. पण सूर सपाट ठेवायचा. आवाज वर चढला की त्याचा अर्थ जळणं आणि दाबून खाली नेला की पळणं. मी आरशासमोर उभी राहून तो शब्द घोकला. जायच्या आधीच घोकायला हवा होता.

मुलीनं आणखी एक गोष्ट सांगितली. उद्या चांद्र महिन्याचा पंधरावा दिवस. पंधराव्याला आणि पहिल्या दिवशी इथे बरेच जण मांस खात नाहीत, देवळात जातात. आईनं पिशवीतलं कालनिर्णय काढलं. आपली त्रिपुरी पौर्णिमा ५ तारखेला होती, त्यांची ४ लाच. "एक दिवस आधी का असेना," आई म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा तिचा आवाज नेहमीसारखा आला.

सकाळी पश्चिम तळ्याकाठच्या त्रान क्वोक पॅगोडात गेलो. रस्ता स्कूटरींनी तुडुंब भरलेला, आणि फूटपाथवर फुलवाल्या बायका. पिवळी शेवंती, कमळाच्या कळ्या, आणि एका परडीत विड्याची पानं आणि देठासकट हिरव्या सुपाऱ्या.

आई थबकली. तिचं माहेर श्रीवर्धन. लहानपण पोफळीच्या वाडीत गेलेलं. तिनं खाली बसून एक सुपारी उचलली, अंगठ्यानं दाबली, देठ बघितला आणि मला मराठीत, त्या बाईकडे बघत, सांगितलं, "कोवळी आहे. अजून पंधरा दिवस ठेवायला हवी होती." बाईनं काय ऐकलं कोण जाणे, पण तिनं ती सुपारी घेऊन परत ठेवली आणि तळातून दुसरी काढून दिली. फुगीर, हिरवी गच्च. आईनं दाबली आणि मान हलवली. पाच सुपाऱ्या, पाच पानं आणि शेवंती. पैसे मी दिले, किती ते आठवत नाही.

आत उदबत्त्यांच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. तिथे एक बोधिवृक्ष आहे. १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते, तेव्हा त्यांनी बोधगयेच्या वृक्षाचं रोप भेट दिलं होतं. आता चांगला पसरलाय. आईनं त्याला प्रदक्षिणा घातली आणि पानसुपारी बुद्धासमोर ठेवली, बाकीच्यांनी ठेवली होती तशीच. शेजारच्या आजींनी तिच्या माळेकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या मनगटातली मण्यांची माळ पुढे केली. दोघींनी एकमेकींच्या माळा हातात घेऊन बघितल्या.

बाहेर पडलो तर मागच्या गल्लीत एका टपरीवर पुठ्ठ्यावर तोच शब्द लिहिलेला. निळी प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं. मी सपाट सुरात 'चाय' म्हटलं. बाईनं झाकण काढून पातेलं आईच्या पुढ्यात तिरकं केलं: टोमॅटो, टोफू, अळंबी. मग वाडग्यात पांढऱ्या तांदळाच्या शेवया घातल्या. "अगं, हे तर शिरवळे!" आई म्हणाली. नारळाचा रस आणि गूळ तेवढा नव्हता. तिनं दोन वाडगे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी, आपल्या पौर्णिमेला, आई हट्टानं मला तिथेच घेऊन गेली. पुठ्ठा नव्हता. बाईनं आम्हाला लांबूनच ओळखलं, आणि आम्ही स्टुलाला हात लावायच्या आत उठून दोन्ही हात आडवे हलवले. पातेल्याचं झाकण उचललं. आज खेकड्याचा रस्सा होता. टोमॅटो तसेच वर तरंगत होते. तिनं न सांगता वाढला असता तर मला तरी कळलं नसतं.

स्टुलांवर गिऱ्हाईकं बसलेली होती. त्यांना तसंच सोडून तिनं आईचा हात धरला, स्कूटरींच्या लोंढ्यातून सावकाश, न थांबता पलीकडे नेलं, आणि दोन गल्ल्या पुढे कमळाची पाटी असलेल्या दारात उभं केलं. आत डोकावून सपाट सुरात तो शब्द दोनदा म्हणाली आणि आईच्या गळ्यातल्या माळेकडे बोट दाखवलं.