मुक्ताईच्या वाटेवर वीज

कोथळीहून मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघाली आणि दुसऱ्याच दिवशी मोबाईलवर जळगाव जिल्ह्याचा ऑरेंज अलर्ट आला. मेघगर्जना, विजा, ताशी 50-60 किलोमीटरचं वारं. दिंडीत कोणी मनावर घेतलं नाही. रोहिण्यांत असे अलर्ट येतच असतात, आणि जिल्हा केवढा, पार चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत. ढग कोणाच्या डोक्यावर फुटणार, ते त्यात थोडंच असतं?

दुपारी डांबर चपलेला चिकटत होतं. चारच्या सुमाराला उत्तरेला सातपुड्यावर ढग उभा राहिला. आधी कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत गेला, मग माथा ऐरणीसारखा सपाट पसरला. ऐरण धरली की ढग दहा-बारा किलोमीटर चढलाय आणि पोटात गारा-विजा आहेत, हे समजून चालायचं. विजेचा इशारा देणारं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप उघडलं तर रेंज गेलेली.

आमचे विणेकरी बाबा मात्र मोजत होते. लख्ख झालं की गडगडाट होईपर्यंत सेकंदाला एक ‘विठ्ठल’. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. पंधरा विठ्ठल झाले, मग अकरा, मग सहा.

“पताका ट्रॅक्टरात आडव्या टाका,” बाबा म्हणाले.

इथे अडलं. पताकेच्या काठ्या एरवी बांबूच्या; यंदा एका दात्यानं हौसेनं स्टीलचे पाइप दिलेले. पुढचा पोरगा ऐकेना. “बाबा, पताका खाली कशी ठेवू?”

“अरे, तापीकाठी मेहूणला वीज कडाडली अन् मुक्ताई गुप्त झाली. ती मुक्ताई होती. तू कोण?”

हसत-हसत पाइप आडवे झाले. निंबाखाली थांबलेल्या बायकांनाही उठवलं आणि सगळे शाळेच्या पक्क्या इमारतीत शिरलो. बाबांनी वीणा, लेकराला पदराखाली घ्यावं तशी, उपरण्याखाली घेतली होती. मग वीसेक मिनिटं काही ऐकू येईना. पत्रे, गारा आणि समोरच्या बागेत केळी मोडल्याचा ओला, जाड आवाज.

उघडल्यावर बांधावर मालक उभा होता. नवतीची, म्हणजे पहिल्याच पिकाची बाग, घड कापणीला आलेले, सगळी एका अंगाला झोपलेली. तो मोबाईलनं फोटो काढत होता. विमा कंपनीला 72 तासांत कळवायचं होतं.

“माऊली, वारं नेमकं किती वाजता सुटलं हो?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाबांनी सांगितलं, “चार पन्नास.”

त्यानं तळहातावर पेनानं लिहून घेतलं.