कोऱ्या पत्राची वाट

माघ वद्य एकादशीला मुक्ताईनगरला पोहोचावे म्हणून नशिराबादच्या बाजूने निघालेल्या एका लहान दिंडीबरोबर मी यंदा प्रथमच पायी चाललो. वाट तीन दिवसांची. भुसावळ मागे पडल्यावर दोन्ही अंगांना केळीचे मळे लागतात, पहाटे काकड्याच्या वेळी अंगावर घोंगडी लागते आणि दुपारी डांबर तापून तळव्यांना चटके बसतात. मी तीस वर्षे शाळेत शिकवले. चांगुलपणा माणसाच्या आतूनच येतो, पोथीतून येत नाही, हे मी मुलांना आणि सहकाऱ्यांना मोठ्या खात्रीने सांगत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडुनिंबाखाली एक म्हातारे वारकरी बसलेले दिसले. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि एक पाय त्यांनी हाताने धरून ठेवला होता. माझ्याजवळ पाणी होते, पिशवीत सुतळी होती. तरीही, मागून येणारी सामानाची गाडी त्यांना घेईल असे मनाशी म्हणत मी पुढे गेलो. ज्या ‘आत’वर माझा एवढा भरवसा होता, तो त्या क्षणी गप्प राहिला, इतकेच नव्हे, त्याने मला एक सोयीस्कर कारणही पुरवले. मैलभर चालल्यावर टाळकऱ्यांनी ‘जे का रंजले गांजले’ हा तुकोबांचा अभंग धरला. हातातला टाळ वाजत होता आणि पहिल्याच चरणाला माझा आवाज बसला. मी टाळ शेजाऱ्याकडे दिला आणि मागे फिरलो. बाबा तिथेच होते. अंगठ्याच्या जागी सुतळी ओवून, खालून गाठ मारून मी चप्पल चालती केली आणि त्यांच्या चालीने चालू लागलो. शब्द बाहेरून आला नसता तर मी फिरलो नसतो, हे मला मान्य करावेच लागते.

मात्र तेवढ्यावरून ग्रंथाला सगळे श्रेय देण्यास माझे मन धजत नाही, कारण ज्या मुक्ताईच्या दर्शनाला आम्ही निघालो होतो तिच्या घरावर पहिला घाव शास्त्राच्याच नावाने पडला. संन्यास घेतलेले विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने संसारात परतले, तेव्हा ब्रह्मवृंदाने ग्रंथ पाहून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. आईवडिलांनी जलसमाधी घेतली आणि चार लेकरे उघड्यावर पडली, असे परंपरा सांगते. निर्णय देणाऱ्यांचे पाठांतर कच्चे नव्हते. त्या मुलांकडे पाहून त्यांच्या पोटात कालवले कसे नाही, हा प्रश्न मला वाटभर छळत राहिला. आणि त्याच मुलांतली सर्वांत धाकटी, लोकांच्या बोलण्याने दुखावून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना ‘योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा’ असे विनवते. ज्यांनी तिला अनाथ केले त्यांच्या पोथीतून हे आले नसावे.

आमच्या खानदेशाने हा झगडा अलीकडेही पाहिला आहे. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून मे 1947 मध्ये उपोषण केले, तेव्हा विरोध करणारे धर्माचाच हवाला देत होते आणि गुरुजींचे बळही त्याच वारकरी धर्मातून आलेले होते. एकाच परंपरेतून दोघांनी दोन गोष्टी उचलल्या. काय उचलायचे हे कोण ठरवते? ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही’ असे तुकोबा म्हणतात, आणि मला वाटते, साक्ष शेवटी तिथेच लागते. फक्त तो साक्षीदारही झोपतो, हे मी कडुनिंबाखाली पाहिले होते.

वरणगावच्या मुक्कामी शाळेच्या व्हरांड्यात पारोळ्याकडच्या एक आजी, अक्षरओळख नसलेल्या, एका परक्या बाईचे पाय तेलाने चोळत होत्या. अंगठ्याने टाचेपासून पोटरीपर्यंत, न थांबता, हरिपाठ संपेपर्यंत. हे कोणी शिकवले, असे मी विचारले. हात न थांबवता त्या म्हणाल्या, “माले पोथी काय समजस गुरुजी? इना पाय दुखतस, ते दिखस ना माले.” मग क्षणभर थांबून म्हणाल्या, “मनी माय बी आशीच करे.” म्हणजे बाहेरून काहीतरी आलेच होते, पण ते कागदावरून आलेले नव्हते.

तिसऱ्या दिवशी काही जण तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला जाऊन आलो. ज्ञानदेव वयाने लहान आणि ज्ञानाने मोठे, तेव्हा त्यांना चिरंजीव लिहावे की तीर्थरूप, हे न सुचल्याने चांगदेवांनी कोरे पत्र पाठवले, ही कथा लहानपणापासून ऐकलेली. एवढ्या विद्येने त्यांना साधा मायना सुचवला नाही. चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताई म्हणाली, आणि पुढे त्याच योग्याने त्या मुलीला गुरू केले. घाटाच्या पायरीवर बसून मी किती तरी वेळ त्या कोऱ्या कागदाचाच विचार करत होतो.

संध्याकाळी मुक्ताईनगरजवळच्या कोथळीच्या मुक्ताई मंदिरात दर्शनबारीत पुढे ते बाबा उभे होते. मला पाहून त्यांनी पाय किंचित उचलून चप्पल दाखवली. सुतळी मळून काळी झाली होती, पण गाठ तशीच होती.