पिवळ्या डोळ्यांची मासोळी

इथे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात समुद्रावर मासे धरायला जाणाऱ्यांसाठी एक नियम आहे. यलोआय रॉकफिश ही खोल पाण्यात खडकांजवळ राहणारी मासोळी गळाला लागली तर ठेवायची नाही. आणि नुसती पाण्यात फेकून मोकळं व्हायचं नाही, तिला परत खाली पोहोचवायचं. त्यासाठीचं साधन बोटीवर तयार असावंच लागतं.

वेस्टपोर्टहून निघालेल्या बोटीवर मी हे पहिल्यांदा पाहिलं. नारिंगी-लाल अंग, पिवळेजर्द डोळे, पण डोळे खोबणीबाहेर आलेले आणि जठर उलटं होऊन तोंडातून बाहेर. आपल्या रोहूच्या पोटातली हवेची पिशवी अन्ननलिकेला जोडलेली असते, जास्तीची हवा तोंडावाटे निघून जाते. रॉकफिशची पिशवी बंद असते. ५० मीटरवर पाण्याचा दाब वरच्यापेक्षा सहापट, त्यामुळे झटकन वर ओढली की आतली हवा फुगते. तशीच सोडली तर तिला बुडताच येत नाही. तरंगत राहते आणि पक्षी टोचतात.

बोटीवरच्या पोराने तिच्या खालच्या जबड्याला चिमटा लावला. चिमट्याखाली शिशाचं वजन. दोरी सरसर खाली गेली. ठरवलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबानेच चिमटा उघडतो आणि मासोळी सुटते. दोरी वर आली, चिमटा रिकामा! मी त्या पोराचा हात हातात घेतला.

रात्री फोनवर बाबा म्हणाले, "एका मासोळीसाठी एवढं काहून?"

"बाबा, ती तुमच्या वयाची असू शकते."

खरंच असू शकते. कानातल्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, ती मोजून वय कळतं. यलोआय शंभरी पार करते. वयात यायलाच वीसेक वर्षं लागतात. एकाच खडकाच्या आसपास आयुष्य काढते. अंडी घालत नाही, पोटातच उबवते आणि लाखो पिल्लं पाण्यात सोडते. मादी जितकी मोठी, तितकी पिल्लं जास्त. म्हणजे सगळ्यात मोठी मासोळी, जी धरल्यावर माणूस फोटो काढतो, तीच जाता कामा नये. हे कळायच्या आत इथल्यांनी बेसुमार मासेमारी केली. २०१० मध्ये प्युजेट साउंड या इथल्या खाडीतल्या यलोआयला संकटग्रस्त म्हणून केंद्रीय कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं.

इथे मासोळीसाठी असे नियम आहेत, म्हणून आपण मागासलेले, असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. रोहू दोन-तीन वर्षांत वयात येते, तलावात दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडता येतात. आपल्याकडे पावसाळ्यात अंडीवाली मासोळी मुद्दाम शोधून घेतात, ते मला आता खटकतं, पण त्याचा हिशोब यलोआयच्या मापाने करणं अन्याय आहे. आणि पेंचमधून जाणाऱ्या महामार्गाखालून वाघांना वाट आपणच करून दिली ना? फक्त वाघ दिसतो, त्याचं कौतुक होतं. न दिसणाऱ्या जिवासाठीही तेवढीच धडपड व्हावी, इतकंच माझं म्हणणं.

आम्ही त्या दिवशी काळे रॉकफिश घरी आणले. ते मर्यादेत ठेवता येतात, बंदी नाही. सावजी मसाल्यात केले आणि पोटभर जेवलो. त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. उन्हाळ्यात मुलांकडे इकडे येणार असाल आणि बोटीवर जाणार असाल, तर चढण्याआधी तो चिमटा दाखवायला सांगा.